जव्हारच्या डोंगरावरून विलायतेला हाक

नाशिकहून निघालेली एस. टी. त्र्यंबकेश्वर सोडून घाटाला लागली की गाडीतली माणसे बदलतात. यात्रेकरू मागे राहिलेले असतात. उरतात ते बाजारहाट करून परतणारे, दवाखान्यातून निघालेले, वसतिगृहातली मुले आणि एखाद-दुसरा शिक्षक. मोखाडा तालुका सुरू झाल्याची पाटी वाचावी लागत नाही. खिशातला मोबाईल मुका झाला की समजावे. आमचा कंडक्टर मोठा बोलका होता. म्हणाला, "बाई, आता मोरचोंडी येईपर्यंत फोन बंदच ठेवा. रेंज शोधून शोधून बॅटरी संपवील." त्याचे खरे होते. टॉवर सापडत नाही तेव्हा फोन स्वस्थ बसत नाही, तो अधिक जोर लावून हाका मारीत राहतो आणि त्यातच त्याची ताकद जाते.

मी गेले ते फेब्रुवारीत. पळस फुलला होता. भाताची खाचरे कोरडी पडली होती आणि उतारावर नाचणी-वरईची नुसती खुंटे उभी होती. पावसाळ्यात हाच मुलूख हिरवागार असतो, दाभोशाचा धबधबा पाहायला मुंबईहून गाड्या भरभरून येतात. फेब्रुवारीत कोणी येत नाही. रस्त्याकडेच्या पाड्यांवर घरे दिसत होती, कुडाच्या भिंती सारवलेल्या होत्या, पण दारे ओढून घेतलेली. अंगणात एखादी म्हातारी, दोन कोंबड्या, एक शेळी. बाकीचे घर कुठे गेले हे इकडे कोणाला विचारावे लागत नाही. दिवाळी झाली की ट्रक आणि टेम्पो भरून माणसे वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. चुलीवरचे टोप, गोधड्या, कोंबड्यांची टोपली आणि लहान पोरे सगळे एकाच गाडीत.

जव्हार हे तसे जुने आणि मानाचे गाव. महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे हे संस्थान. त्याची सुरुवात चौदाव्या शतकातली सांगतात. सुरतेच्या स्वारीवर जाताना १६६४ साली शिवाजी महाराज इथल्या राजांना शिरपामाळावर भेटले, ती जागा आजही दाखवतात. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. जयविलास राजवाडा मात्र झाडीत उभा आहे आणि सहलीला आलेली शाळेची मुले त्याच्या पायऱ्यांवर बसून डबे खातात. थंड हवेमुळे जव्हारला ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत. आता तो जिल्हाही ठाणे राहिला नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार-मोखाडा त्यात गेले. रेल्वे मात्र अजून दोन्ही तालुक्यांत नाही.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे या तालुक्यांत शंभरात नव्वदांहून अधिक माणसे आदिवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी. आपली बौद्ध घरे मोजकीच. पाऊस इथे धो धो पडतो, आणि मार्च उलटला की मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. याच तालुक्याच्या कुशीत मध्य वैतरणा धरण २०१४ साली पुरे झाले, १०२ मीटर उंचीचे. त्याचे दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला जाते. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला कुपोषणाने मुले दगावली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला या भागाचे नाव माहीत झाले. पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या, धुरळा उडाला आणि बसला. हे सांगायचे कारण एवढेच की ज्या गावाहून मुंबईत पाणी पोचते त्या गावाहून मुंबईला फोन लागेलच असे नाही.

मी जिच्याकडे निघाले होते ती माझ्या आईची मावसबहीण. आम्ही तिला मावशीच म्हणतो. वय पंचाहत्तरीच्या आसपास. नक्की तिलाही सांगता येत नाही. यजमान पंचायत समितीत शिपाई होते, त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. त्यांच्या निवृत्तिवेतनावर तिचे चालते. मुलगा बोईसरला कारखान्यात, तिथेच दोन खोल्यांत त्याचा संसार. नातू मात्र मावशीनेच वाढवला. जव्हारच्या शाळेत शिकला, पुढे नाशिकला सरकारी वसतिगृहात राहिला, इंजिनिअर झाला. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, तिच्यासाठी त्याने अर्ज केला आणि निवड झाली. गेल्या सप्टेंबरात तो इंग्लंडमधल्या शेफिल्डला गेला. गावात पेढे वाटले गेले. मावशीने पेढे वाटले आणि संध्याकाळी जेवली नाही, असे तिची सून सांगते.

शेफिल्ड हे पोलादाच्या कारखान्यांचे गाव. सुऱ्या-चमचे तिथले जगभर नावाजलेले. गाव टेकड्यांवर वसलेले आहे. नातवाने पहिल्याच आठवड्यात कळवले, "आजी, इथेही सगळा चढच चढ, आपल्या जव्हारसारखा." त्या एका वाक्यावर म्हातारी सावरली. पोरगे कुठल्या तरी परक्या सपाट मुलुखात हरवले नाही, चढउतारावरच आहे, एवढे तिला पुरले.

मावशीच्या हयातीत खबर येण्याच्या किती तऱ्हा झाल्या पाहा. तिचा भाऊ परळला गिरणीत होता. त्याचे कार्ड महिन्याला एक. पोस्टमन दारात बसून वाचून दाखवायचा आणि चहा घेऊन जायचा, त्यामुळे घरची सगळी खबर अगोदर पोस्टमनला कळायची. तार आली म्हणजे कोणी तरी गेले असेच समजायचे. तार फोडण्याअगोदरच बायका रडू लागत. ती तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मग पिवळ्या पाटीची एस. टी. डी. बूथ आली. रात्री उशिरा दर उतरत म्हणून लोक जेवून रांगेत उभे राहायचे आणि बोलताना डोळे त्या पळत्या आकड्यांवर असायचे. परदेशचा दर तर असा होता की "कसा आहेस, बरा आहे" एवढ्यावर दिवसाची मजुरी जाई.

त्याच्याही मागे जायचे तर बाबासाहेब जून १९१३ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले ते जुलैत न्यूयॉर्कला पोचले. पुढे लंडनला शिकत असताना रमाईंना त्यांची पत्रे येत ती बोटीनेच, आणि उत्तर हाती पडेपर्यंत महिना-दीड महिना सहज जाई. १९१७ साली युद्धात तर त्यांची पुस्तके घेऊन येणारी बोटच बुडाली. परळच्या चाळीत मागे राहिलेल्या माणसांनी ते दिवस कसे काढले असतील हे मावशीसारखीला सांगावे लागत नाही. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचे ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतले. नाताळच्या सुट्टीत नातू आगगाडीने जाऊन ते पाहून आला. त्याने दारात उभे राहून काढलेला फोटो जव्हारच्या स्टुडिओत मोठा करून मावशीने भिंतीवर लावला आहे. आल्यागेल्याला ती दाखवते, पण बोट आधी नातवावर ठेवते. "वाळलाय का गं?" असे विचारते.

आता फोनचे. मुलाने बोईसरहून चांगला मोठा फोन आणून दिला. शेजारची नववीतली मुलगी तो लावून देते. व्हिडिओ कॉल आला की मावशी सवयीने फोन कानाला लावते. त्यामुळे पहिले चार महिने नातवाला आजीचा कानच दिसला. "आजी, कानातली कुडी नवी केलीस का?" असे तो विचारायचा.

वेळ ठरलेली होती रात्री आठची. तिथे तेव्हा दुपारचे साडेतीन. जेवण आटोपून, भांडी घासून मावशी फोन मांडीवर घेऊन बसायची. ऑक्टोबरअखेर एका रविवारी आठ वाजले, सव्वाआठ झाले, साडेआठ झाले, फोन नाही. मावशी उठून दारात गेली, परत आली. शेजारच्या मुलीने लावून पाहिला तर लागेना. नऊ वाजता फोन वाजला तेव्हा म्हातारीचे हात थरथरत होते. पोराचे काही चुकले नव्हते. त्याच्या घड्याळात साडेतीनच वाजले होते. इंग्लंडात मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळ्या देशाची घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. त्यामुळे उन्हाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचे अंतर, हिवाळ्यात साडेपाच. अमेरिकेतही बहुतेक भागांत असे करतात, तारखा मात्र वेगळ्या. आखातात दुबईला गेलेल्यांना हा प्रश्न नाही; दुबई बारा महिने आपल्या दीड तास मागे. ज्यांच्या घरचे कोणी बाहेर आहे त्यांनी हे दोन रविवार दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावेत. मावशीने आता केले आहेत. दिनदर्शिका वाचता येत नाही, पण शेंदरी खूण कशाची हे ती जाणते.

घड्याळाचा हा खेळ तिला पटला नाही ही गोष्ट वेगळी. "सूर्याला कोण सांगणार मागं हो म्हणून?" असे तिचे म्हणणे. त्यावर नातवाने तिला डिसेंबरात खिडकीतून रस्ता दाखवला. तिथे चार वाजले होते आणि दिवे लागलेले. शेफिल्डला त्या दिवसांत चारच्या आतच सूर्य मावळतो. जूनमध्ये उलट, रात्री साडेनऊनंतरही उजेड. तेव्हापासून मावशी त्याला रोज विचारते, "उजेड हाय का अजून?" हे तिचे हवापाण्याचे विचारणे नव्हे. पोरगे अंधारात एकटे घरी चालत जाते का, हे तिला हवे असते.

दुसरी अडचण रेंजची. जव्हार गावात ठीक आहे, पण मावशीचे घर गावाच्या कडेला उतारावर. वीज गेली की टॉवर काही वेळ बॅटरीवर चालतो, मग गप्प होतो. पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस. मोखाड्याकडे खोडाळा, सूर्यमाळ या बाजूला पाड्यांवर अजूनही ठरावीक जागा आहेत, कुठे एखादे आंब्याचे झाड, कुठे टेकाडावरचा खडक, तिथे उभे राहिले की फोन लागतो. संध्याकाळी तिथे पाच-सात माणसे जमतात. प्रत्येकाचे खासगी बोलणे सगळ्यांना ऐकू जाते आणि कोणी ऐकल्याचे दाखवीत नाही. ही रीत मला फार आवडली.

यावर नातवाने जो उपाय काढला तो मला सर्वांना सांगावासा वाटतो. तो आपले बोलणे फोनमध्ये बोलून पाठवतो. दोन मिनिटांचे, तीन मिनिटांचे. ते बोलणे वाटेत थांबून राहते आणि रेंज येईल तेव्हा फोनमध्ये उतरते. चित्रासह बोलायला जेवढी रेंज लागते त्याच्या अगदी थोड्या भागात आवाज येतो, आणि आला की राहतो. मावशी ते पुन्हा पुन्हा ऐकते. स्वयंपाक करताना चुलीपाशी फोन ठेवते आणि नातू बोलत असतो. पूर्वी आखातात गेलेली माणसे कॅसेट भरून पाठवीत आणि घरची माणसे टेपरेकॉर्डरभोवती बसून ऐकत, त्यातलाच हा प्रकार, फक्त कॅसेट आणणारा पाहुणा शोधावा लागत नाही. मावशीही उलट बोलून पाठवते. सुरुवातीला ती यंत्रापुढे भाषण केल्यासारखी उभी राहायची, आता बसून बोलते. ज्येष्ठांना हे शिकवायला अर्धा तास लागतो. सुनांनी, नातींनी तो द्यावा.

पण बोलायचे काय? हा खरा प्रश्न. "जेवलास का? जेवलो. थंडी हाय का? आहे." इथे दोघेही संपतात. पोरगे वेगळ्याच जगात, म्हातारी वेगळ्या. पहिला महिना तसाच गेला आणि फोनचे दोन मिनिटांवर आले. मग एकदा त्याने विचारले, नाचणीची आंबील कशी करतेस? त्याला तिथल्या एका देशी दुकानात नाचणीचे पीठ मिळाले होते. मावशीने सांगितली. बिघडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. पीठ किती वेळ भिजवलेस, उकळत्या पाण्यात घातलेस का, गुठळ्या कशाने मोडल्यास. थंडीच्या देशात पीठ आंबायला दीड दिवस लागला, हे दोघांना मिळून शोधावे लागले. तेव्हापासून प्रत्येक फोनला काही ना काही काम असते. आता त्याने रानभाज्यांची वही केली आहे. पहिल्या पावसाला उगवणारी शेवळी घशाला खाजते म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळे घालावी लागतात, कर्टोली कुठल्या कुंपणावर आधी लागतात, कोवळी भाजी किती कोवळी असावी, टाकळा कधी खुडावा, हे मावशी सांगते आणि तो लिहून घेतो. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिचे बोलणे कोणी तरी लिहून घेते आहे. माझ्यासमोर ती एकदा म्हणाली, "हळू सांगते हां, लिव्ह बाळा," आणि शाळेतल्या बाईंसारखी थांबली.

डिसेंबरात मात्र एक प्रसंग घडला आणि त्याबद्दल माझे मत मी मावशीला तोंडावर सांगितले, म्हणून इथेही सांगते. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रिया ठरली. तिने घरातल्या सगळ्यांना बजावले की नातवाला कळता कामा नये, त्याची जानेवारीत परीक्षा आहे. मुलाने मान डोलावली, सुनेने डोलावली. चार दिवस फोन आला की "आजी झोपली", "आजी विहारात गेली" असे सांगितले. पाचव्या दिवशी मावशी स्वतः बोलली, नेहमीप्रमाणे फोन कानाला लावून. शेजारच्या मुलीने सवयीने फोन फिरवून तोंडासमोर धरला आणि नातवाला डोळ्यावरची हिरवी पट्टी दिसली. तो काही बोललाच नाही. फोन बंद केला. त्या रात्री त्याने बोईसरला वडिलांना तीन वेळा फोन केला आणि पहाटेपर्यंत तिकिटाचे दर पाहत बसला.

मोतीबिंदू ही आता मोठी शस्त्रक्रिया राहिलेली नाही. माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. ते त्याला अगोदर सांगितले असते तर तो एक दिवस काळजीत राहिला असता. लपवले म्हणून काय झाले, तर त्यानंतर आजीने "मी बरी हाय" म्हटले की त्याचा विश्वास बसेना. रोज तो शेजारच्या मुलीला वेगळा फोन करून विचारू लागला. परीक्षेवर जो परिणाम व्हायचा नव्हता तो याने झाला. मावशीचे म्हणणे वेगळे. "आपल्या मायबापांनी काय काय गिळलं आन् आपल्याला शिकवलं. एक डोळा लपवला तर काय झालं?" हे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. आपल्याकडच्या आयांनी उपास लपवले, आजार लपवले, कर्जे लपवली, आणि मुले शिकली. पण परदेशी असलेल्याला घरचा फक्त आवाज असतो. घरात असलेला माणूस आईचा चेहरा पाहून ओळखतो, ताटातली भाकरी मोजून ओळखतो. त्याच्याजवळ तसे काहीच नाही. तो आवाजच खोटा निघाला तर त्याने कशाला धरावे? शेवटी असे ठरले की दुखणे, दवाखाना आणि पैसा या तीन गोष्टी त्याच दिवशी सांगायच्या, आणि तोही सांगेल. मग त्यानेही सांगितले की तो सुट्टीच्या दिवशी एका हॉटेलात भांडी धुतो. विद्यार्थ्यांना तिथे अभ्यासाच्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, त्या हिशेबात. मावशीने ऐकून घेतले. "भांडी नीट घासतोस ना?" एवढेच विचारले.

जाता जाता एक सावधगिरी. परदेशी मुले असलेल्या घरांना हल्ली फोन येतात, तुमचा मुलगा पोलिसांनी धरला आहे, तुमच्या नातवाचे पार्सल अडकले आहे, ताबडतोब इतके पैसे पाठवा. आवाजही कधी हुबेहूब मुलासारखा करतात. मावशी आणि नातवाने खुणेचा एक शब्द ठरवला आहे. तो एका जुन्या शेळीचे नाव आहे एवढेच मला कळले. तो शब्द न सांगणाऱ्याला पै देखील नाही. आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, तासाभरात कळवले तर पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

मावशीच्या ओट्यावर संध्याकाळी एक वारली आजी येऊन बसते. जवळच्या पाड्यावरची. दोघींची मैत्री पाण्यावरून, म्हणजे एका विहिरीवरून जमलेली. तिची लेक, जावई आणि आठ-नऊ वर्षांची नात दिवाळीनंतर भिवंडीकडे भट्टीवर गेली. जाताना उचल घेतली होती; हजार विटांमागे दर ठरतो, हिशेब शेवटी होतो, आणि उचल फिटेपर्यंत मधेच सोडून येता येत नाही. जव्हारहून भिवंडी शंभर किलोमीटरांच्या आतच. शेफिल्ड सात हजारांवर. मावशीचा नातू रोज रात्री तिच्याशी बोलतो आणि या आजीला तीन महिने लेकीचा शब्द नव्हता. घराच्या कुडावर कोळशाने मुकादमाचा क्रमांक लिहिलेला होता. तो लावला की बंद यायचा, कधी वाजून वाजून थांबायचा.

जानेवारीत मावशीने हे आपल्या आवाजात बोलून शेफिल्डला पाठवले. सांगितले की तुझ्यासारखीच हिची नात बाहेरगावी आहे, काही करता येते का बघ. पोराने तिकडून मुकादमाला फोन लावला. परदेशी क्रमांक पाहून म्हणा, मुकादमाने तो उचलला. भट्टीचा ठावठिकाणा कळला. नातवाबरोबर वसतिगृहात राहिलेला एक मित्र भिवंडीत नोकरीला आहे. तो रविवारी मोटारसायकलवरून भट्टीवर गेला आणि आपल्या फोनवरून त्याने त्या मुलीला आजीशी बोलायला लावले. मावशीच्या ओट्यावर. मुलीने पहिले काय विचारले असेल? शेळी व्याली का. आजीने सांगितले, दोन पाटी झाल्या. मग मुलगी रडली, मग आजी रडली, आणि मधे मुलीच्या आईने फोन घेऊन सांगितले की पोरीला ताप येऊन गेला, आता बरी आहे, विटा थापायला हाताशी लागते.

शाळेचे आजीने विचारले नाही. ते मावशीने विचारले. ती मुलगी जव्हारला तिसरीत होती. विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या होत्या. भट्टीवरच्या खोपटाला भोंगा म्हणतात, त्याच्यावरून ते नाव. या भट्टीवर कुठलीच शाळा नव्हती. मित्राने जाताना खाऊ नेला होता, त्याच्याबरोबर एक पाटी आणि दोन पुस्तकेही नेली होती, हे नंतर कळले. तो पुन्हा जाऊ शकला नाही, त्यालाही त्याची नोकरी आहे. पण त्यानंतर मुकादम फोन उचलतो, पंधरा दिवसांतून एकदा का होईना.

मी निघायच्या आदल्या दिवशी मावशी म्हणाली, कागदावर लिहून दे. फोनवरचा आवाज ऐकून होतो, पण उशाला ठेवता येत नाही. मी लिहिले, ती सांगत गेली. पळस फुलला. विहिरीला पाणी अजून हाय. बोहाडा यंदा मोठा करणार हायेत, मुखवटे रंगवायला काढलेत. तुझ्या खोलीतलं पत्र्याचं भोक बुजवलं. खाली तिने स्वतः सही केली, साक्षरता वर्गात शिकलेली, तीन अक्षरांची, तिसरे अक्षर ओळीबाहेर. पाठीमागे आपला पत्ता घातला. जुन्या पाकिटांवर जिल्हा ठाणे असायचे, आता पालघर. पिन कोड तोच, ४०१६०३. देशात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून जिथे टपाल निवडले जाते तिथले आणि शेवटचे तीन त्या पोस्टाचे. मोखाड्याचा ४०१६०४. मी हे सांगत होते आणि वारली आजी शेजारी बसून लक्ष देऊन ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी पोस्टात गेलो. पाकीट वजन करून तिकिटे लागली. मग आजीने विचारले, भट्टीला तसला नंबर असतो का. खिडकीपलीकडचा माणूस चांगला होता. म्हणाला, भट्टी ज्या गावात आहे त्या गावाचा चालतो, पण गावाचे आणि भट्टीमालकाचे नाव पाहिजे. ते आजीला ठाऊक नव्हते. मित्राला ठाऊक असणार, आणि मित्राचा क्रमांक शेफिल्डला नातवाकडे. आम्ही एक साधे कार्ड विकत घेतले. आजी सांगेल तसा मजकूर मी मोठ्या अक्षरांत लिहून दिला, तिसरीतल्या मुलीला वाचता येईल असा. दोन्ही पाटींची नावेही त्यात आली. पोस्टाच्या पायरीवर बसूनच मावशीने फोन तोंडापाशी धरला आणि भिवंडीच्या भट्टीचा पत्ता विलायतेहून मागवला. तिथे तेव्हा पहाटेचे पाच वाजलेले. माझी गाडी लागली तोवर उत्तर आले नव्हते. कार्ड मावशीच्या बटव्यात होते, पत्त्याची बाजू कोरी.